नऊ हजार गुणिले तीन

आजचा भाग फ्लॅटवरच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे मिक्सरचा आवाज आला तर समजून घ्या. मावशी चटणी वाटतायत.

विषय भाड्याचा आहे. आम्ही तिघं वाकडला एका 2 बीएचकेमध्ये राहतो. भाडं 27,000, डिपॉझिट 60,000. तिघांचे 9,000, डिपॉझिटचे 20,000. सोपा हिशोब, म्हणून तीन वर्षं कुणी त्यावर बोललंच नाही. फ्लॅटवर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. एक सातारा, एक लातूर आणि मी अकोला. पुढे जे सांगणार आहे ते लातूरला विचारून सांगतोय. त्याने स्क्रिप्ट वाचली, दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

मे महिन्यात, रविवारी रात्री, घरमालकांचा मेसेज आला. जूनमध्ये करार संपतोय, पुढे 30,000 होतील. आम्ही बाल्कनीत बसलो होतो. मी लगेच म्हटलं, दहा-दहा. आणि मग का कुणास ठाऊक, तीन वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. सातारा मास्टर बेडरूममध्ये एकटा झोपतो. ॲटॅच्ड बाथरूम, बाल्कनी, घरमालकांचा एसी. मी आणि लातूर दुसऱ्या खोलीत, दोन कॉट, मध्ये एक कपाट, तेही लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. आणि तिघं सारखेच पैसे देतोय!

सातारा म्हणाला, "आरं, मग तीन वर्षं काय तोंड शिवलं होतं का?" बरोबर होतं त्याचं.

एसीचं तर मी गणितच मांडलं. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. पहिली 100 युनिट स्वस्त, मग 300 पर्यंत एक दर, 500 पर्यंत त्याहून जास्त. आमचं एरवीचं बिल 180 युनिटच्या आसपास. रात्री सात तास एसी लावला आणि तासाला एक युनिट धरलं, तर महिन्याला 210 युनिट वाढतात. म्हणजे 390. तीनशेच्या पुढची 90 युनिट महागड्या टप्प्यात गेली. आम्ही दोघं पंख्याखाली घाम पुसतोय आणि साताऱ्याच्या गारव्याचे दोन तृतीयांश पैसे भरतोय. मला हे सांगताना फार भारी वाटत होतं. इंजिनिअर माणसाला बरोबर ठरण्याची चटक असते.

मग खोलीचं काय करायचं? लहानपणी आई आंबा द्यायची तेव्हा नियम होता, एकाने कापायचा, दुसऱ्याने आधी उचलायचा. मी म्हटलं तसंच करू. सातारा किमती लिहील, बेरीज 30,000 व्हायला हवी. उचलायचं आम्ही आधी. त्याने मोबाइलवर लिहिलं: मास्टर 11,000, आमचे दोन कॉट साडेनऊ-साडेनऊ हजार. मी म्हटलं, "11 ला मास्टर मी घेतो, उचल गादी." तो हसला, खोडलं, पुन्हा लिहिलं. असं करत मास्टर साडेतेरावर आला आणि आमचे कॉट 8,250 वर. तो म्हणाला, आता घ्यायची तर घ्या. मला नको होती, त्याला हवी होती. म्हणजे किंमत बरोबर बसली! तुमच्या फ्लॅटवर करून बघा, भांडण होतच नाही. वाटणारा शेवटी उचलणार असला की तो आपोआप नीट वाटतो.

मी लातूरकडे बघितलं. तो इतका वेळ काहीच बोलला नव्हता. म्हटलं, तुझे 750 वाचले, पार्टी दे.

तो म्हणाला, "मला सव्वाआठ पण जमंना गेलंय."

सात आठवड्यांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. आधी दोन महिने बेंचवर, मग एके दिवशी मीटिंगला बोलावून राजीनामा द्यायला सांगितलं. रोज सकाळी नऊला तो बॅग घेऊन निघायचा, आम्हाला वाटायचं ऑफिसला. तो एका अभ्यासिकेत बसत होता. एमपीएससी करणारी पोरं असतात ना, टेबलाला पार्टिशन, महिन्याची फी, वायफाय. तिथे बसून अर्ज करायचा, दुपारी वडापाव खायचा आणि संध्याकाळी आमच्यासोबत ट्रॅफिकला शिव्या द्यायचा.

आता माझा पराक्रम ऐका. किराणा, गॅस, मावशींचा पगार, सगळं आम्ही स्प्लिटवाइजवर टाकतो. त्यात लातूरकडे 6,430 बाकी होते. ते बघून मागच्या आठवड्यात मी ग्रुपवर एक मीम टाकलं होतं, उधारी मागणाऱ्या दुकानदाराचं. खाली त्याचा आकडा. साताऱ्याने हसण्याचे चार इमोजी टाकले. लातूरनेही एक टाकला होता.

आणि ॲपमध्ये खरं तर सगळं दिसत होतं. एप्रिलपासून त्याच्या नावावर बाहेरचं एकही जेवण नव्हतं. आम्ही बिर्याणी मागवली की तो म्हणायचा, भूक नाही. मी रोज डेटा बघून पगार घेणारा माणूस आहे, मला फक्त बाकी दिसली.

बाल्कनीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी आणि सातारा दोघं एकदमच म्हणालो, तुझं भाडं आम्ही भरतो. तो भडकला. "भीक नको. मी निघतो, दुसरा पोरगा आणा, माझे डिपॉझिटचे वीस हजार मोकळे करा." त्याच्याकडे तेवढेच उरले होते आणि तेही अडकलेले.

त्या रात्री मी पहिल्यांदा आमचा करार उघडून वाचला. रजिस्टर होता, पण नाव एकट्या साताऱ्याचं. तीन वर्षांपूर्वी आमची आधार कार्डं गावाकडे होती, म्हणून त्याने एकट्याने उरकलं होतं. म्हणजे लातूरचे 20,000 त्याचे आहेत असं कुठल्याच कागदावर नव्हतं. फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

इथे दोन गोष्टी सांगतो, मलाही नव्हत्या माहीत. करार अकरा महिन्यांचाच का करतात? 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यातून ही सवय पडली. पण महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 आहे. त्यानुसार करार लेखी आणि रजिस्टर हवाच, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ती जबाबदारी घरमालकाची. आणि रजिस्टर नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पण भाडेकरू म्हणून कागदावर नावच नसेल तर त्या माणसाला आधी तो भाडेकरू आहे हेच पटवून द्यावं लागणार.

खर्च म्हणाल तर स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, म्हणजे आमच्या करारावर साधारण साडेआठशे, आणि शहरात नोंदणी फी 1,000. एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येतो त्याचे वेगळे. आमचं एका रविवारच्या बिर्याणीचं बिल याच्या जवळपास जातं. आता तिघांची नावं टाकली. घरमालक एवढंच म्हणाले, आधार पाठवा.

पैशाचा तोडगा साताऱ्याने काढला, मी नाही. तो म्हणाला, "डिपॉझिट मोकळं करायला तू निघायची काय गरज? तुझा वाटा आम्ही विकत घेतो." दोघांनी दहा-दहा हजार त्याला यूपीआय केले. आता 60,000 पैकी तीस साताऱ्याचे, तीस माझे. नोकरी लागली की तो स्वतःचा वाटा परत विकत घेईल. भाडं तो स्वतः भरतो, स्वतःच्याच पैशातून. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा नीट बसला आणि म्हणाला, लिहून द्या. वहीच्या पानावर लिहिलं, तिघांनी सह्या केल्या, फोटो ग्रुपवर टाकला. त्याच ग्रुपवर, मीमच्या खाली. मीम मी डिलीट करायला गेलो तर वेळ निघून गेली होती. ते आहे तिथेच आहे.

हे होऊन पाच आठवडे झाले. वीस हजारांतले दोन भाडी गेली, आता थोडेच उरलेत, पुढच्या महिन्याचं काय ते अजून बोललो नाही. पण बोलू, येत्या रविवारी. काल त्याचा एका ठिकाणी दुसरा राउंड झाला, उत्तर आलेलं नाही. सातारा एसीच्या जादा युनिटचे पैसे वेगळे देतो आणि रात्री दोनला तो बंद करतो. म्हणतो, थंडी वाजते.

तुमच्याकडे भाड्याची वाटणी कशी आहे, मास्टर बेडरूम कुणाकडे आहे, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात काही निवडक ऐकवतो. आणि हो, चटणी झाली वाटतं, मिक्सर थांबलाय.