भाजक्या फरशीची जमीन



घर बांधताना दार कोणत्या दिशेला ठेवायचे, भिंत किती रुंद घ्यायची, याचा आपण महिना महिना विचार करतो. जमिनीचा विचार मात्र अखेरीस, पैसे सरत आल्यावर. वास्तविक माणूस घरात राहतो तो जमिनीवरच. रांगणारे मूल, जेवणाची पंगत, उन्हाळ्यात चटई टाकून पडणारे म्हातारे माणूस, सगळ्यांचा संबंध जमिनीशी. आणि ती मातीची असली, तर ती सारवण्याचे काम वरचेवर घरातल्या बाईच्या वाट्याला येते. म्हणून झिलई नसलेल्या, भाजक्या मातीच्या लाल फरश्या कशा बसवाव्यात आणि त्यांना तेल कसे पाजावे, हे आज सांगायचे आहे.

ही फरशी आपल्याला परकी नाही. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौले गावोगाव पोचली. ही फरशी त्या कौलाचीच बहीण. उन्हाळ्यात पायाला गार लागते, आणि गुळगुळीत चकचकीत फरशीसारखी ओल्या पायाखाली चटकन घसरत नाही. पण तिला एक खोड आहे. ती पाणी पिते, तेल पिते, आणि आपल्या हिंगोलीच्या घरांत सांडणारी हळदसुद्धा पिते! तिची ही तहान ओळखून काम केले पाहिजे.

फरशी घेताना दोन नग एकमेकांवर हलकेच वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द वाजली तर ती कच्ची किंवा तडकलेली समजावी. शिक्षकांनी मुलांकडून आणखी एक परीक्षा करवून घ्यावी. कोरडी फरशी तोला, 24 तास पाण्यात बुडवा, वरचे पाणी पुसून पुन्हा तोला. 2 किलोची फरशी 2 किलो 300 ग्रॅम भरली, तर ती 15 टक्के पाणी प्यायली. हा आकडा जितका लहान, तितकी फरशी घट्ट. शेकडेवारीचे गणितही होते आणि मालाची पारखही होते.

आता फरशीच्या खालचे काम. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. जी जमीन शेतात हात घालण्याइतकी भेग पाडते, ती घरातली फरशी कशी सोडील? म्हणून जोत्यात खणलेली काळी माती पुन्हा भरू नका. मुरूम भरा. सहा सहा इंचांचे थर द्या, पाणी मारा आणि प्रत्येक थर धुमसाने चांगला ठोकून घ्या. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून तीन-चार इंच काँक्रीट घाला, म्हणजे खालची ओल वर चढणार नाही.

काँक्रीट पक्के झाले की खोलीचा कोपरा काटकोनात आहे का ते पाहा. एका भिंतीवर 3 फुटांवर, दुसरीवर 4 फुटांवर खूण करा. तिरपे अंतर 5 फूट भरले की कोपरा बरोबर. मग दोरी बांधा. फरश्या निदान तासभर, बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. कोरडी फरशी मालातले पाणी शोषून घेते आणि माल धरत नाही. बाहेर काढून निथळू द्या, पाऊण-एक इंच मालावर बसवा, पाणसळ लावत चला. फरश्या थोड्या लहानमोठ्या असतातच, म्हणून दोहोंमध्ये करंगळीएवढी सांध सोडा. सांधी मात्र लगेच भरू नका. आठवडाभर जमीन ओली ठेवा.

यानंतरचे काम काहीच न करण्याचे आहे, आणि तेच अवघड! जमीन वाळू द्यायची. फरशीवर पांढरी भुकटी येईल. तो मालातला आणि मातीतला क्षार, म्हणजे भिंतीला लागतो तोच लोणा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून पुन्हा आत जाईल. कोरड्या ब्रशने झाडून काढा. निदान महिना-दीड महिना जाऊ द्या. मग प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत दंव दिसले, तर आणखी थांबा. ओल्या फरशीला तेल पाजले की ओल कोंडते, डाग पडतात, पापुद्रे सुटतात. आपल्याकडे दिवाळीनंतर फरशी बसवावी, आणि तेल शिमग्यानंतर, पाडव्याच्या सुमारास पाजावे. मध्ये कोरडा हंगाम मिळतो.

तेल जवसाचे घ्या. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. रंगाच्या दुकानातले, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते आणा. ते खाण्याचे नव्हे. निम्मे तेल, निम्मे टर्पेंटाइन असा पातळ हात फडक्याने द्या. वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पुसून टाका. दुसऱ्या दिवशी सांधी सिमेंट-वाळूने भरा; वरचे सिमेंट लगेच पुसा. सांधी पुरत्या वाळल्या की आणखी दोन पातळ हात, मध्ये एकेक दिवस सोडून. त्या दिवसांत दारे-खिडक्या उघडी ठेवा आणि घरात चूल, विडी, काडी पेटवू नका.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. ओल्या कडब्याची गंजी आतून तापते ना, तसाच बोळा तापतो आणि काडी न लावता पेटतो. आपल्या घरांत वेचलेला कापूस साठवलेला असतो. त्याशेजारी असे फडके म्हणजे घराची राखरांगोळी. शाळेत मुलांसमोर काम चालले असेल, तर ही गोष्ट त्यांनाही सांगा. फडकी अंगणात एकेक सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या लोखंडी बादलीत बुडवून ठेवा.

पुढे निगा थोडीच आहे. रोज झाडावे, ओल्या फडक्याने पुसावे. धुण्याचा सोडा वापरू नये. तो तेल काढून टाकतो. पाण्याचा थेंब वर टिकेनासा होऊन आत जिरू लागला, की पाऊस लागण्यापूर्वी एक पातळ हात द्यावा. सारवणाचा घमेला मग कायमचा बाजूला ठेवता येईल, आणि बाईमाणसाला तेवढीच उसंत मिळेल.