परसातील तवशी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला विद्यार्थ्यांच्या शिस्तीवर बोलावयास सांगितले होते. त्या विषयावर मी नोकरीभर बोललो. त्याचा फारसा उपयोग झाल्याचे दिसले नाही. म्हणून आपली अनुज्ञा गृहीत धरून घरामागच्या परसाविषयी चार शब्द सांगतो.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांत. माझी नोकरी झाली देशावर. तेथे पाणी धरून ठेवण्यासाठी वाफे खोलगट करतात. निवृत्त होऊन गावी आलो आणि मोठ्या हौसेने येथेही तसेच वाफे केले. आईने जपलेले तवशाचे बी घरात होते. पूर्ण पिकलेल्या तवशातून काढून, धुऊन, वाळवून, राखेत घोळून ठेवलेले. ते सर्वच्या सर्व मी मृगात टोकले. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गुरुजी, तवशी लावताय की भात?" मी ते हसण्यावारी नेले.

आषाढात झड लागली. वाफ्यांत पाणी तुंबले, मुळांना हवा मिळेना, आणि वेल पिवळे पडून बुडापासून कुजले. आजीच्या हातून आईकडे आलेले बी एका पावसात संपले. आई काही बोलली नाही, हे मला अधिक लागले.

पुढल्या वैशाखात त्याच काकूंनी एक पुडी आणून दिली. पूर्वी आईनेच त्यांना दिलेल्या बियांचा तो वंश. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हेत, हे या सभेत मुद्दाम सांगतो.

तेव्हापासून मी वीतभर उंच गादी घालतो, बाजूने चर काढतो आणि वेल मांडवावर चढवितो. जांभ्याची माती आम्लधर्मी. शिवाय पाऊस तिचा कस धुऊन नेतो. म्हणून शेणखत एकदम न ओतता थोडेथोडे घालावे. राख मिळाल्यास उत्तम, परंतु घरोघरी गॅस आल्यापासून तीही मागून आणावी लागते! पडवळ, दोडका यांनाही हीच रीत. अळूची गोष्ट निराळी. त्याला ओल प्रिय, न्हाणीच्या पाटाकडेला ते आपोआप माजते. त्याची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे असते, तेव्हा ते पुरते शिजविल्यावाचून पानात वाढू नये.

बियांसंबंधी एक सूचना. बाजारातील संकरित वाणाचे बी धरले तर पुढल्या वर्षी तसेच फळ येईल असा भरवसा नाही. आणि आपल्या तवशाजवळ दुसऱ्या काकडीचा वेल असला तर मधमाशा दोहोंची सरमिसळ करतात. बियांसाठी निरोगी वेलावरचे एक चांगले फळ आधीच खूण करून राखावे. मुलांनी कितीही हट्ट केला तरी ते कापू नये.

दारापाशी पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीत 10 बिया आहेत. 5 पेराव्या, 5 ठेवाव्या. मुंबईकर मंडळींनीही संकोच करू नये. गॅलरीत ऊन येत असेल तर मोठ्या पिंपातही वेल धरतो. फक्त पिंपाच्या बुडाला भोके पाडण्यास विसरू नये.