बोर्ड बदलला, परवाना कोणाच्या नावावर?



स्वामींच्या दर्शनाला येणाऱ्या माणसांवर हे गाव चालतं. लॉजवर खोली नोंदवायची, पेढ्याच्या दुकानात बिल करायचं, पतसंस्थेत हप्ता भरायचा, पत्रिका छापायची, सगळीकडे आता संगणक आहे. वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली, लाइट दोनदा गेली-आली, की दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "बोर्ड उडालाय." नवा मदरबोर्ड सोलापूरहून येतो, बसतो, संगणक चालू होतो. मग पडद्याच्या कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी पुसट अक्षरं उमटतात. हिशेबाचं टॅली उघडावं, तर ते शिकाऊ प्रतीत उघडतं आणि महिन्यातल्या मोजक्या तारखांच्याच नोंदी घेतं. जीएसटीचं विवरण भरायची तारीख तोंडावर आलेली असते. ज्याने पैसे मोजून सगळं विकत घेतलं, तोच अडतो.

हे असं का होतं? आपली जमीन सातबाऱ्यावर आपल्या नावाने असते. विंडोजचा परवाना मात्र माणसाच्या नावावर नसून यंत्राच्या नावावर असतो. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर घरोघरच्या संगणकांत ही पद्धत आली. संगणकातल्या सुट्या भागांची ओळख एकत्र करून एक खूण तयार होते आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाते. रॅम वाढवली, हार्ड डिस्क बदलली, तर बहुतेक वेळा ही खूण टिकते. बोर्ड बदलला, की त्यावरच बसवलेलं नेटवर्कचं आणि आवाजाचं सर्किटही बदलतं. एका भागाबरोबर अनेक ओळखी जातात आणि सर्व्हरच्या लेखी तो नवाच संगणक ठरतो. म्हणजे बोर्ड बदलल्यावर परवान्याचा फेरफार करून घ्यावा लागतो. तो आपोआप होत नाही.

फेरफार होणार की नाही, हे परवान्याच्या जातीवर ठरतं. सुटा विकत घेतलेला परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. संगणकाबरोबर आलेला परवाना त्या संगणकाला, म्हणजे व्यवहारात त्या बोर्डलाच, बांधलेला असतो. विंडोज ८ पासून, २०१२ नंतर, मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत त्याची पंचवीस अक्षरांची की बोर्डावरच्या चिपमध्येच भरलेली असते. पूर्वी ती डब्याच्या बाजूला चिकटवलेली असायची आणि उतरवून घेता यायची. आता बोर्ड भंगारात गेला की कीही गेली. मात्र बोर्ड बिघडला म्हणून त्याच कंपनीचा तसाच बोर्ड बसवला, तर परवाना चालू राहतो, असा मायक्रोसॉफ्टचाच नियम आहे. म्हणून लॅपटॉप वॉरंटीत असेल, तर तो अधिकृत केंद्रातच द्या. जुना सिरीयल नंबर नव्या बोर्डात भरून घेऊन आणि विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं डोळ्यांनी बघूनच सही करा. हौसेखातर वरच्या दर्जाचा बोर्ड बसवणाऱ्याला नवा परवाना घ्यावा लागतो. माझ्या मते हा नियम जाचक आहे. पण तो आधी माहीत असलेला बरा.

२०१६ सालच्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून एक सोय झाली. डिजिटल परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवता येतो. बोर्ड बदलल्यावर सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर जायचं, ट्रबलशूट दाबायचं आणि नुकतंच हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडून यादीतून आपला संगणक दाखवायचा. हे जोडणं बोर्ड जळायच्या आधी झालेलं हवं. जळाल्यावर ते जोडायला जुनं यंत्र उरत नाही.

आता टॅली. या गावात ज्याला टॅली लागत नाही, असा व्यापारी मला अजून भेटलेला नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. संगणक बदलायचा असेल, तर आधी परवाना 'सरेंडर' करायचा आणि मग नव्यावर चालू करायचा. बोर्ड अचानक गेला तर सरेंडर करता येत नाही. तेव्हा टॅलीच्या खात्यातून तो मोकळा करून घ्यावा लागतो. इथेच माणसं अडकतात. ते खातं ज्या ई-मेलवर आहे, तो ई-मेल कोणाचा? एका ओळखीच्या किराणा व्यापाऱ्याचा परवाना, विकत घेतला तेव्हा, विक्रेत्याकडच्या मुलाने स्वतःच्या ई-मेलवर नोंदवला होता. मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला, नंबर बदलला. पावती व्यापाऱ्याच्या नावाची, पैसे त्याचे, आणि खात्याची चावी दुसऱ्याच्या खिशात. पावती, जीएसटी क्रमांक, अर्ज यांत आठ दिवस गेले. ते आठ दिवस त्याने हाताने बिलं लिहिली. मी शेजारी बसून ते पाहिलंय, म्हणून आज इतकं पोटतिडकीने सांगतोय.

छपाईवाल्यांना याच प्रश्नाची जुनी बाजू माहीत आहे. इथे पत्रिका मराठीत लागते, तशी कन्नडमध्येही लागते. त्यासाठी पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी ही टंकप्रणाली वर्षानुवर्षं चालत आली. तिचं कुलूप म्हणजे डोंगल, संगणकाला बाहेरून लावायचा छोटा तुकडा. परवाना डोंगलमध्ये, त्यामुळे बोर्ड कितीही वेळा बदला, डोंगल लावला की काम सुरू. पण जुने डोंगल प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसायचे आणि नव्या बोर्डांवर तो पोर्टच राहिला नाही. परवाना खरा, हातात धरलेला, पण लावायला जागा नाही.

यापेक्षा मोठा धोका आहे तो बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाचा. नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. बोर्ड बदलल्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल, तर फोटो, हिशेब, मुलांचे दाखले कोणालाही परत काढून देता येत नाहीत. परवाना पुन्हा विकत मिळेल, हे मिळणार नाही.

परवाना अडला, की कोणीतरी म्हणतं, "क्रॅक मारून देतो." नको. बरेच क्रॅक मोठ्या संस्थांसाठीच्या ॲक्टिव्हेशन यंत्रणेची नक्कल करतात आणि तिथली परवानगी एका वेळी १८० दिवसांचीच असते. शिवाय ज्याच्या हातात क्रॅक, त्याच्या हातात तुमचा संगणक. कायदाही कडक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाखाली जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. ज्याच्याकडे रीतसर प्रत आहे, त्याला राखीव प्रत काढून ठेवण्याचा हक्क याच कायद्याने ५२ व्या कलमात दिला आहे. तो मात्र कोणी वापरत नाही.

म्हणून दुकानदारांना, लॉजवाल्यांना, पतसंस्थेच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. उद्या सकाळी दुकान उघडलंत की दिवाबत्ती झाल्यावर अर्धा तास काढा. विंडोजचा परवाना स्वतःच्या खात्याला जोडा. टॅली कोणाच्या ई-मेलवर आहे ते बघा, दुसऱ्याच्या असेल तर तो माणूस भेटतोय तोवर बदलून घ्या. बिटलॉकरची की, पावत्या, सिरीयल नंबर कागदावर उतरवा. तो कागद संगणकात ठेवू नका, जमिनीची कागदपत्रं ठेवता त्या पेटीत ठेवा. यंदाचा वळीव यायला अजून थोडे दिवस आहेत.