फवारणीचा हंगाम ही आपलीही आपत्तीच
(आंबोली येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषणावरून)



आपण ज्वारी-कापसाच्या कोरडवाहू मुलखातली माणसं. इथं आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटात दरडी येतात, सावंतवाडी-बेळगाव रस्ता बंद पडतो. म्हणून इथला माणूस मिरगाआधीच तयारीला लागतो. आपल्या गावात दरड नाही, म्हणून आपत्तीही नाही, असं आपण धरून चालतो.

२०१७ साल आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याच्या वर गेली होती. नळी उंच धरून फवारताना औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर पडत होतं. त्या एका हंगामात जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यांत रोजानं फवारणारे भूमिहीन मजूरही होते.

मी शेतकीचा पदवीधर. कोणत्या किडीला किती मात्रा, हे तोंडपाठ होतं. विष अंगात भिनल्यावर पहिल्या तासात काय करायचं, हे मात्र पुढं एका उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी शिकवलं. तेच सांगतो.

डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, लाळ, घाम, उलट्या, छातीत घरघर ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या विषाची लक्षणं. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून माणसाला घरी झोपवू नका. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा; धुणाऱ्यानं हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. दूध-तूप पाजू नका. मिठाचं पाणी देऊन ओकवू नका, ओकारी फुप्फुसात जाते. कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. आणि औषधाचा डबा बरोबर न्या. ॲट्रोपिन या गटावरचा उतारा आहे, सगळ्या विषांवरचा नाही. डबा पाहिला की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

आता तयारीचं. कपाशीला पात्या लागण्याआधी गावात बैठक घ्या. नर्सबाई आणि आशाताईंना बोलवा. रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघेल, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन आहे का, जाऊन विचारा; नसेल तर लेखी मागा आणि पोच घ्या. मजूर लावणाऱ्यानं हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा द्यावा. बांधावर साबण-पाणी ठेवावं. वाऱ्याच्या तोंडावर कोणाला फवारायला लावू नये.

कापसाच्या भावासाठी आपण रस्त्यावर येतो, आलंच पाहिजे. पण भाव मिळेल त्या दिवशी घरात तो घ्यायला माणूस असला पाहिजे.