ग्रंथातून प्रयोगशाळेकडे
(महिला मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)



२०१५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांत विभागले गेले. त्यातील अर्धा वाटा चीनच्या ८४ वर्षांच्या यूयू तू यांचा होता. त्यांच्याजवळ ना डॉक्टरेट, ना परदेशी शिक्षण, ना स्वदेशातील विज्ञान अकादमीचे सदस्यत्व. परंतु त्यांनी शोधलेल्या आर्टेमिसिनिनने हिवतापाच्या लक्षावधी रुग्णांना जीवदान दिले.

तो काळ सांस्कृतिक क्रांतीचा होता. साम्यवादी राजवटीत विद्वत्ता हाच अपराध ठरला होता. तिकडे व्हिएतनामच्या अरण्यात सैनिक हिवतापाने जर्जर झाले होते आणि जुनी औषधे निष्प्रभ ठरत होती. म्हणून २३ मे १९६७ रोजी चीनने एक गुप्त संशोधन मोहीम आरंभली. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक संस्थेतील यूयू यांच्यावर तिच्यातील एका गटाची धुरा आली. पती दूर श्रमशिबिरात. थोरली कन्या पाळणाघरात, धाकटी आजोळी. दीर्घ वियोगानंतर पोटच्या लेकींना आई परकी वाटू लागली, एवढे मोल त्या मातेने मोजले.

त्यांनी वैद्यांकडून आणि प्राचीन ग्रंथांतून दोन हजार औषधी पाठ जमवले, त्यातील ६४० निवडून काढले. चिंगहाव या वनस्पतीचा अर्क आशादायक वाटला, पण पुढील प्रयोगांत तो गुण टिकेना. तेव्हा त्यांनी चौथ्या शतकातील गे हाँग या वैद्याचा ग्रंथ पुन्हा उघडला. त्यात काढा उकळण्याचा उल्लेखच नव्हता. वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यावा, असे सांगितले होते. उष्णतेनेच गुण नष्ट होत असावा, हे यूयूंनी ताडले आणि ३५ अंशांना उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांवर शंभर टक्के गुणकारी ठरला. १९७२ मध्ये रुग्णांना देण्यापूर्वी त्यांनी व दोन सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला.

चरक-सुश्रुतांचा वारसा सांगणाऱ्या समाजाने येथे क्षणभर अंतर्मुख व्हावे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९७ मध्ये हळदीचे अमेरिकी पेटंट रद्द करविले, याचा अभिमान प्रत्येकाला आहे. ते पूर्वजांच्या ठेव्याचे रक्षण होते. त्या ठेव्यात भर घालण्याचे कार्य मात्र अजून पुष्कळ शिल्लक आहे. ‘आमच्या ग्रंथांत सारे आहे’ एवढे म्हणून रोगी बरा होत नाही. गे हाँगचा ग्रंथ सोळाशे वर्षे उपलब्ध होता. श्रद्धेने वाचणारी आणि कठोरपणे पारखणारी एक स्त्री भेटली, तेव्हा तो जगाच्या उपयोगी पडला.

अशा कन्या आपल्याही घराघरांत आहेत. त्यांच्या हाती संस्कृतही द्यावे आणि परीक्षानळीही. त्या रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबतील, तेव्हा त्यांची बाळे परकी होऊ नयेत, ही जबाबदारी पतीची, सासू-सासऱ्यांची, साऱ्या कुटुंबाची आहे. कुटुंबव्यवस्थेचा गौरव आपण व्यासपीठावरून नित्य करतो. तिची खरी परीक्षा याच ठिकाणी होणार आहे.