वाऱ्यावर वाईपर्यंत

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



सांस्कृतिक कार्यक्रमात विमानाशिवाय उडण्यावर व्याख्यान, हे ऐकून काहींनी भुवया उंचावल्या. एका काकांनी तर मघाशी दाराशीच विचारलं, "तुम्ही चौघे घरदार असलेली माणसं, हे कसलं खूळ?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधतच आम्ही इथे उभे आहोत.

आम्ही चौघे म्हणजे कोण, ते आधी सांगतो. एक शाळेतले मास्तर, वयाने आमच्यात सर्वांत मोठे. एक एम्ब्रॉयडरीची मशिनं चालवणारे, त्यांना आम्ही शेठ म्हणतो. एक बँकवाले. आणि चौथा सरकारी कचेरीतला, तो तुमच्यासमोर उभा आहे. चौघांची ओळख झाली ती उत्तरायणाला, एकाच गच्चीवर, एकमेकांचे पतंग कापताना.

सुरतेच्या माणसाला वारा शिकवावा लागत नाही. चौदा जानेवारीला सकाळी गच्चीवर गेल्याबरोबर आपण बोट वर करतो आणि वारा कुठला, किती, हे ओळखतो. पतंग का चढतो, ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची, हे आपल्या हाताला ठाऊक असतं. उडण्याचं सगळं शास्त्र याच हातचलाखीच्या पुढचं आहे.

माणसाने पंख लावून शिस्तीने उडायला सुरुवात केली ती जर्मनीच्या ओटो लिलिएंथाल यांनी. १८९१ पासून पाच वर्षांत त्यांनी टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा झेप घेतली आणि १८९६ साली अशाच एका उड्डाणात पडून त्यांचा अंत झाला. पुढे १९४८ साली अमेरिकेत फ्रान्सिस रोगालो नावाच्या अभियंत्याने आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी कापडाचा एक लवचिक पंख तयार केला. कापड कुठलं? घरातल्या स्वयंपाकघराच्या पडद्याचं! आणि तो पंख मुळात पतंगच होता. म्हणजे पतंग आणि कापड, दोन्ही आपल्या सुरतेचे विषय. त्या पतंगातूनच पुढे हँग ग्लायडर आला. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि खाली पोटावर पालथा लटकलेला माणूस. आम्ही उडवतो तो त्याचा धाकटा भाऊ, पॅराग्लायडर. त्याला सांगाडा नसतो. नुसतं कापड आणि दोऱ्या. हवा भरली की पंख तयार होतो, आणि उतरल्यावर घडी घालून पाठीवर घेता येतो. सगळं सामान मिळून पंधरा-वीस किलो भरतं.

काही जण म्हणतील, सापुताऱ्याला आम्हीही बसलोय. बरोबर, पण तिथे मागे पायलट असतो आणि आपण पुढे बसून फोटो काढतो. एकट्याने उडायला शिकावं लागतं. आम्ही ते पुणे जिल्ह्यात, कामशेतच्या टेकड्यांवर शिकलो. दोन हिवाळे सुट्ट्या साठवून जात होतो. इथे सुरतेत पहाटे शाळेच्या मैदानावर पाय जमिनीवर ठेवूनच पंख उभा करण्याचा सराव करायचो. फिरायला येणारे आजोबा विचारायचे, "काय, मांडव घालताय का?"

आता एक साधं गणित सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे, आणि खाली कृष्णाकाठी वाई ७०० मीटरच्या आसपास. फरक सहाशे मीटरचा. शांत हवेत आमचा पंख एक मीटर खाली येईपर्यंत साधारण आठ मीटर पुढे जातो. सहाशे आठे अठ्ठेचाळीसशे. म्हणजे पाच किलोमीटरही नाहीत, आणि नऊ-दहा मिनिटांत पाय जमिनीला. वाई त्याहून लांब आहे. म्हणजे पाचगणीहून नुसते उतरत गेलात तर वाईला पोहोचत नाही. पोहोचायचं तर वाटेत वर चढावं लागतं. इंजिन नाही, मग चढायचं कसं?

उन्हाने जमीन तापते. नांगरलेलं शेत, उघडा कातळ, गावाची पत्र्याची छपरं जास्त तापतात. त्यावरची हवा गरम होऊन हलकी होते आणि कढईतल्या बुडबुड्यासारखी वर सुटते. त्या बुडबुड्यात शिरून गोल गोल फिरत राहिलं की हवा आपल्याला वर नेते. यालाच थर्मल म्हणतात. तो डोळ्याला दिसत नाही. घारीला मात्र कळतो. पंख न हलवता घार घिरट्या घेत वर जाताना दिसली की समजायचं, थर्मल तिथे आहे. एका थर्मलमधून उंची घ्यायची, पुढे सरकायचं, दुसरा शोधायचा. असा मुक्काम-दरमुक्काम प्रवास म्हणजे क्रॉस-कंट्री.

आमचं ठरलं होतं ते असं : पाचगणीहून निघायचं, पसरणी घाटावरून वाई ओलांडायची आणि हायवेवर सुरूर फाट्यापाशी उतरायचं. हवेतून अंतर वीस किलोमीटरच्या आतच. जाणकारांना हसू येईल, पण आमच्यासाठी ते दिल्लीइतकं लांब होतं. सुरूरवरून जातो तोच अठ्ठेचाळीस नंबरचा हायवे आपल्या कामरेजवरून जातो, म्हणून शेठ म्हणाले, "तिथे उतरलो की घरच्या रस्त्याला लागलो."

फेब्रुवारीचा महिना होता. पहिले दोन दिवस वारा जास्त होता, म्हणून टेबललँडवर नुसते बसून काढले. चार दिवसांची रजा आणि दोन दिवस भेळ खाण्यात! तिसऱ्या दिवशी वारा बेताचा झाला. साडेअकराच्या सुमारास एकेक करून चौघेही हवेत. डाव्या हाताला धोम धरणाचं पाणी, समोर वाई, पलीकडे पांडवगड. पसरणी घाटाच्या तोंडावर दोन घारी फिरत होत्या. आम्ही तिकडे वळलो आणि उंची सांगणारं यंत्र टिवटिव करायला लागलं. तेराशेचे पंधराशे, पंधराशेचे अठराशे, एकोणीसशे. घार इतकी जवळ होती की मान वळवून ती आमच्याकडे बघते आहे हे दिसत होतं. घाटातल्या एसट्या काड्यापेटीएवढ्या झाल्या होत्या.

पण वर होतो ते तिघेच. शेठना तो थर्मल सापडला नाही. ते आमच्या खाली होते आणि आणखी खाली जात होते. रेडिओवर त्यांचा आवाज आला, "मी खाली चाललोय." ते ऐकलं तिघांनीही. उत्तर मात्र कोणी दिलं नाही. हात ब्रेकवर होते, हे खरं. पण एका हाताने बटण दाबता आलं असतं, हेही खरं. समोर वाई दिसत होती आणि हाताशी उंची होती. आम्ही मनाशी म्हटलं, उतरतील कुठेतरी, आणि पुढे निघालो.

वाईवर पोहोचलो तेव्हा कृष्णेचा घाट पायाखाली होता आणि घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं ते देऊळ आपण पायरीवर उभं राहून मान वर करून बघतो. आम्ही ते वरून बघितलं आणि वरूनच हात जोडले. मास्तरांनी तिथेच उंची सोडायला सुरुवात केली. "मी वाईत उतरतोय," एवढंच ते म्हणाले. आम्हाला वाटलं, थकले असतील. बँकवाले आणि आम्ही वाईच्या पलीकडे दुसरा थर्मल धरला आणि सुरूरच्या अलीकडे एका रिकाम्या शेतात उतरलो. एकमेकांना मिठ्या मारल्या, फोटो काढले, फाट्यावर चहा घेतला. वीस मिनिटं तरी गेली असतील. मग मास्तरांचा फोन आला. पहिलंच वाक्य, "शेठ कुठे आहेत?"

चहा तिथेच राहिला.

रेडिओवर हाका मारल्या, उत्तर नाही. फोन लावला तर तो आमच्या जीपमध्येच वाजला. हरवायला नको म्हणून शेठनी सकाळी तो ड्रायव्हरकडे दिला होता. आणि त्या फोनवर सुरतेहून वहिनींचे तीन कॉल येऊन गेले होते. ड्रायव्हरने एकदा उचलला होता आणि भाबडेपणाने सांगितलं होतं, "साहेब वर गेलेत." आज तुम्ही हसताय, वहिनीही हसतायत. त्या दिवशी नंतर बराच वेळ त्या फोनकडे बघण्याची आमची हिंमत होत नव्हती. शेवटी मास्तरांनीच त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं, की शेठ उतरलेत पण कुठे ते कळत नाही, आम्ही शोधतोय. खोटा धीर दिला नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही चौघे एकत्र गेला होतात ना?"

मास्तर वाईहून रिक्षाने पसरणीकडे निघाले होते. वाटेत भेटेल त्याला विचारत होते, "छत्रीवाला माणूस उतरताना पाहिला का?" एका सायकलवाल्या पोराने हात करून दाखवलं. तीनच्या सुमाराला शेठ सापडले. उताराच्या शेतात उतरताना घोटा मुरगळला होता, आणि रेडिओ दगडावर आपटून बंद पडला होता. ज्यांच्या शेतात ते पडले, त्या घरच्या बाईंनी त्यांना बांधाच्या सावलीत घोंगडीवर बसवलं होतं, पायाला हळद लावली होती आणि भाकरी-पिठलं वाढलं होतं. म्हाताऱ्या बाबांनी चौकशी केली होती, "पाव्हणं, गाव कंचं?" शेठ म्हणाले, "सुरत." बाबा डोळे मोठे करून म्हणाले, "सुरतेहून उडत आलासा व्हय?" आणि थोडं थांबून म्हणाले, "आमची मानसं तुमच्याकडं घोड्यावरनं गेली हुती, तुमी उडत आलासा. फिटंफाट झाली."

शेठच्या पंखाखाली हरभऱ्याचे दोन वाफे चिरडले होते. आम्ही पैसे काढले तर बाबांनी हात मागे घेतला. म्हणाले, "पाखरं बी खात्यात. पुढल्या वक्ताला सांगून या." वाईत एक्स-रे काढला, हाडाला बारीक चीर होती. प्लास्टर घातलं आणि रात्री त्याच हायवेने सुरतेकडे निघालो. पाचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. चौघांपैकी तिघे फार बोललो नाही. शेठच आमची समजूत घालत होते.

मित्रांनो, हँग ग्लायडिंगमधला लांब पल्ल्याचा गाजलेला विक्रम २०१२ सालचा आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या झपाटा गावाहून डस्टिन मार्टिन ७६४ किलोमीटर गेले. त्याच दिवशी त्यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाचे जॉनी ड्युरँड उडत होते, ते गेले ७६१ किलोमीटर. प्रतिस्पर्धी असूनही वाटेचा बराच भाग त्यांनी एकत्र कापला. एकाला थर्मल सापडला की दुसऱ्यालाही तो दिसतो. दोघं असले की आकाशाचा दुप्पट भाग धुंडाळता येतो. म्हणजे सोबत हा नुसता चांगुलपणा नाही, उडण्याची ती रीतच आहे. आम्ही वीस किलोमीटरांत ती विसरलो.

त्यानंतर आम्ही तीन नियम केले. रेडिओवर कोणी बोललं की उत्तर द्यायचंच, निदान "ऐकलं" एवढं तरी. फोन आणि शिट्टी प्रत्येकाच्या अंगावर. आणि चौथा माणूस जमिनीवर सुखरूप आहे हे कळल्याशिवाय चहा नाही, फोटो नाही. पुढच्या वर्षी वहिनींनी हेच तीन नियम आमच्याकडून पाठ म्हणून घेतले आणि मगच शेठना सोडलं. त्या वर्षी आम्ही वाईपर्यंतही पोहोचलो नाही. चौघेही पसरणीच्या आसपास, एकाच रिकाम्या शेतात उतरलो. आधी सांगून गेलो होतो. बाबांसाठी सुरतेची घारी नेली होती. नाव ऐकून ते म्हणाले, "घार खात्यात व्हय तुमच्यात?" आमच्या हिशेबात ते आमचं सगळ्यात चांगलं उड्डाण.

जाता जाता एक विनंती. ज्या घारीने आम्हाला वाट दाखवली, तिच्यासारखीच पाखरं दर उत्तरायणाला आपल्या मांज्यात अडकतात. दुचाकीवरच्या माणसांचे गळेही कापले जातात. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो, कारण आपण घेतो. आमच्या चारही घरांत आता साधा सुती दोराच येतो. पतंग कापले जातात, मुलं कुरकुरतात. जानेवारीत आपल्या गच्चीवरही असंच व्हावं, एवढं मागणं बाप्पाच्या समोर तुमच्याकडे करतो.

आणि काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खूळच आहे. पण शेजाऱ्याची हाक ऐकली की ओ द्यायची, हे आम्ही या खुळापायी शिकलो, आणि ते गल्लीतही उपयोगी पडतं.