कोपरा मोजा, मग करवत घ्या



आज सुतारकामातल्या कोनांविषयी बोलायचे आहे. वर्गात काही सुतारमंडळी आहेत. लाकूड त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. मी भूमितीचा मास्तर, तेवढ्यापुरतेच बोलतो.

भिंतीच्या पायाशी किंवा छताच्या कडेने लाकडी पट्टी मारतात. कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात, तिथे दोन्ही तिरक्या कापून जोडतात. कोपरा काटकोनी, म्हणजे ९० अंशांचा असेल, तर प्रत्येक पट्टी ४५ अंशांत कापायची. हे सगळ्यांना पाठ असते. पण भिंतीला ते पाठ नसते! गिलावा कोपऱ्यात जाड बसतो, जुनी भिंत सरळ नसते. समजा, कोपरा ९४ अंशांचा निघाला. छताला सपाट बसवायची पट्टी १० सेंटिमीटर रुंद आहे. दोन्ही तुकडे ४५ अंशांत कापले, तर खोलीकडच्या टोकाला जवळजवळ १ सेंटिमीटर फट पडते. खालून बघणाऱ्याला आधी तीच दिसते. सागवान महाग. पट्टी फुकट गेली, तर दिवसाची मजुरी त्यातच जाते.

म्हणून आधी कोपरा पारखा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६० सेंटिमीटरवर खूण करा, दुसरीवर ८० सेंटिमीटरवर. दोन्ही खुणा एकाच उंचीवर हव्यात. त्यांच्यामधले सरळ अंतर बरोबर १०० आले, तर काटकोन. जास्त आले, तर कोपरा फाकलेला. कमी आले, तर मिटलेला.

आता कोन उतरवून घ्या. फिरत्या पात्याचा गुण्या असेल तर उत्तमच. नसेल, तर दोन सरळ चिपा एका टोकाला स्क्रूने जोडा. कोपऱ्यात धरून दोन्ही भिंतींना टेकवा, स्क्रू आवळा आणि तो कोन कागदावर आखा. मग एक रेघ दुसऱ्या रेघेवर येईल अशी कागदाची घडी घाला. घडीची रेघ कोनाचे दोन सारखे भाग करते. तोच तुमचा काप. कोनमापकसुद्धा लागत नाही! ९४ चे निम्मे ४७. हे ४७ अंश पट्टीच्या कडेपासून मोजायचे. यंत्राच्या करवतीवर मात्र बहुधा आडव्या सरळ कापाला शून्य धरतात. तिथे ९० वजा ४७, म्हणजे ४३ वर काटा लावावा लागतो. इथे पुष्कळजण फसतात.

आणखी एक बघा. पायाशी उभी पट्टी लावताना आतल्या कोपऱ्यात तिची भिंतीकडची बाजू लांब राहते. खांबासारख्या बाहेरच्या कोपऱ्यात दर्शनी बाजू लांब. काप उलटा झाला की पट्टी आखूड पडते.

आधी दोन टाकाऊ तुकडे कापून कोपऱ्यात धरून पाहा. जुळले, की चांगल्या पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा: कोणता कोपरा, डावी की उजवी, किती अंश. आता लिहिता येते ना?